एका पर्वतचित्रावरील दोन हात

१. फ्लॉरेन्स येथील उफिझी संग्रहालयांत डोंगराळ प्रदेशाच्या देखाव्याचें एक तैलचित्र आहे. त्याची उंची सुमारें ५५ सेंटिमीटर व रुंदी सुमारें १ मीटर आहे. रंगकाम कापडावर असून तें कापड लांकडी फळीवर डकविलेलें आहे. चित्राचा काल सामान्यतः १६२० ते १६३० यांच्या दरम्यानचा मानितात. मूळ चित्रकार हर्क्युलिस सेगर्स हा वलंदेज होता. म्हणजे ज्या राष्ट्राच्या व्यापाऱ्यांनीं १६३७ सालीं वेंगुर्ल्यास वखार घातली, त्या राष्ट्राचा. मात्र चित्रावर आज दिसणारें सर्वच काम सेगर्सचें नव्हे. त्याच्या मागून दुसऱ्या एका चित्रकाराचा हात त्यावर फिरला आहे, आणि तो दुसरा चित्रकार म्हणजे जगद्विख्यात रेम्ब्रांट होय.

परदेशच्या एका चित्राचा विचार जुन्या कागदांच्या व पोथ्यांच्या संग्राहकांपुढें मांडण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, या चित्राचा इतिहास बव्हंशीं एखाद्या पोथीच्या इतिहासासारखाच आहे. एकाचा मूळ पाठ, दुसऱ्यानें केलेली भर, मालकाच्या चीजवस्तूची समकालीन याद, चाळीस वर्षांनीं लिहिलेली बखरवजा हकीकत, आणि मोठ्या नांवाखालीं लहान नांव बुडून जाणें, इतके सर्व प्रकार या एका चित्रांत एकत्र आले आहेत. आपल्या संग्रहांतील दोन हातांच्या वस्तूंशीं कसें वागावें, हा प्रश्न ज्यांना नेहमीं पडतो, त्यांस हें उदाहरण उपयोगीं पडेल.

२. प्रथम चित्राचें स्वरूप पाहूं. अग्रभागीं खडकाळ, ओबडधोबड जमीन. तिच्या पलीकडे दूरवर पसरलेलें खोरें. खोऱ्याच्या कडेनें उठलेल्या उघड्याबोडक्या डोंगरांच्या रांगा. आणि वर ढगांनीं भरलेलें आकाश, अशी रचना आहे. मनुष्याकृति आहेत त्या इतक्या लहान कीं, शोधल्यावांचून सांपडूं नयेत. सतराव्या शतकांतील युरोपीय कलेच्या ज्या शैलीस 'बरोक' असें नांव पडलें आहे, तिच्यांत प्रकाश व अंधार यांचा ठळक विरोध, गति आणि पाहणाराच्या मनावर एकदम पडणारा ठसा यांस महत्त्व असतें. या चित्रांतही एक भाग उजळलेला व बाकीचा सावटाखालीं दडपलेला आहे. परंतु त्या काळच्या पुष्कळ चित्रांत देखावा हा कांहीं तरी कथाप्रसंगाची पार्श्वभूमि म्हणून येतो, तसा तो येथें नाहीं. येथें डोंगर हाच विषय आहे.

आतां हॉलंड देश हा समुद्रसपाटीचा, कित्येक ठिकाणीं समुद्राहूनही खालचा. तेथें असा डोंगर नाहीं. सेगर्सनें आल्प्स पर्वताचा प्रवास केल्याचा कोणताही कागद उपलब्ध नाहीं. मग हे डोंगर आले कोठून ? याचें उत्तर गुरुपरंपरेंत आहे. पीटर ब्रूगेल हा फ्लेमिश चित्रकार १५५० नंतरच्या वर्षांत इटलीस जाऊन आला व वाटेंतील आल्प्सचे देखावे त्यानें रेखाटले. त्यांवरून कोरलेले ठसे नेदरलंडांत सर्वत्र पसरले. तेव्हांपासून डोंगरी देखावा काढण्याची एक परंपराच तिकडे पडली. सेगर्सचा गुरु खिलिस व्हान कोनिंक्सलो हा त्याच परंपरेंतील असून युद्ध व धर्मच्छळ यांमुळें दक्षिणेकडून निघून शेवटीं आमस्टरडामास येऊन राहिला होता. गुरूच्या मृत्यूनंतर त्याच्या चित्रशाळेंतील वस्तूंचा लिलांव झाला, त्यांत सेगर्स व त्याचा बाप यांनीं कांहीं वस्तु विकत घेतल्या. म्हणजे शिष्याजवळ डोंगर आले ते कागदांच्या वाटेनें आले.

याचा दुसरा पुरावा याहूनही बोलका आहे. सेगर्सनें १६१९ सालीं आमस्टरडामच्या लिंडनग्राख्ट या कालव्यावर मोठें घर घेतलें. त्या घराच्या खिडकींतून दिसणारीं घरें व नॉर्डरकेर्क हें देऊळ यांचा त्यानें कोरलेला ठसा उपलब्ध आहे. रॉटरडाम येथील संग्रहांत त्याचें जें कड्यांजवळच्या घरांचें चित्र आहे, त्यांत हींच शहरी घरें उचलून त्यानें उंच कड्यांच्या खोऱ्यांत नेऊन ठेविलीं आहेत. वास्तव व कल्पित यांची अशी सांगड घालणाऱ्या माणसाचे डोंगर नकाशावर शोधीत बसणें व्यर्थ होय.

३. सेगर्सच्या चरित्राविषयीं दोन तऱ्हेचीं साधनें आहेत, आणि दोहोंचें वजन सारखें नाहीं.

पहिलें साधन सॅम्युएल व्हान होखस्ट्राटेन याच्या चित्रकलेवरील ग्रंथाचें. हा ग्रंथ १६७८ सालीं छापला. सेगर्स आपल्या काळीं कोणास समजला नाहीं, घरांतील कापडें छाप काढण्यांत संपविलीं, त्याचे ठसे लोणी व साबण यांच्या पुड्या बांधण्यास गेले, निराशेनें तो मद्याच्या नादीं लागला व शेवटीं जिन्यावरून पडून मेला, अशी करुण कथा त्यांत आहे. सेगर्सचा मृत्यु १६३८ च्या सुमारास झाला. तेव्हां ही हकीकत त्यानंतर चाळीस वर्षांनीं लिहिलेली ठरते. होखस्ट्राटेन हा तरुणपणीं रेम्ब्रांटच्या हाताखालीं शिकला होता व रेम्ब्रांट सेगर्सच्या कृतींचा चाहता होता, म्हणून ही कथा केवळ बाजारगप्प म्हणून सोडून देतां येत नाहीं. तथापि उपेक्षित गुणी मनुष्याच्या दुर्दैवाचा धडा देण्यासाठीं ती रचलेली आहे, हें वाचतांच ध्यानांत येतें. आमच्याकडील बखरकारही असेंच करीत.

दुसरें साधन म्हणजे नगरच्या व संघांच्या दप्तरांतील कोरड्या नोंदी. १६१२ सालीं सेगर्स हार्लेमच्या चित्रकारसंघांत दाखल झाला. १६१५ सालीं त्याचें लग्न झालें. १६१९ सालीं त्यानें सुमारें ४००० गिल्डरांस वर सांगितलेलें घर घेतलें. पुढें कर्ज वाढून १६३१ सालीं तें विकावें लागलें. नंतर तो उट्रेक्ट व तेथून हेग येथें गेला व चित्रांचा व्यापारही करूं लागला. १६३८ सालच्या एका कागदांत त्याच्या विधवेचा उल्लेख मानला जातो. या नोंदींवरून कर्जबाजारीपणा खरा ठरतो. परंतु हयातभर कोणी विचारलें नाहीं ही गोष्ट खरी ठरत नाहीं. ४००० गिल्डरांचें घर घेण्याची ऐपत व पत त्याच्या ठिकाणीं एके काळीं होती. बखर व अस्सल कागद यांची गांठ पडली म्हणजे बखरीचा गाभा राहतो व अलंकार गळतात, हा जो अनुभव राजवाड्यांच्या काळापासून आपल्या संशोधकांस आला, तोच येथेंही येतो.

ठशांविषयीं मात्र दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण चित्रांतील हात ओळखण्याची किल्ली त्यांत आहे. तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानें रेषा खाऊन काढावयाच्या, त्यांत शाई भरावयाची व कागदावर छाप घ्यावयाचा, ही रीति त्या वेळीं सर्वत्र होती. तिचा हेतु एकासारख्या एक पुष्कळ प्रति काढणें हा होय. सेगर्सनें तिचा उपयोग उलट कामासाठीं केला. रंगीत शाई, अगोदर रंगविलेला कागद, कधीं कापड, छापावर मागाहून दिलेला रंग, कडा कापून बदललेली चौकट, असे प्रयोग करून त्यानें प्रत्येक छाप निराळा केला. त्याचे सुमारें ५४ निरनिराळे ठसे व त्यांच्या अवघ्या १८० च्या आसपास प्रति आज शिल्लक असून त्यांचा सर्वांत मोठा संग्रह आमस्टरडामच्या राइक्स म्युझियममध्यें आहे. या ठशांत डोंगर हा सरळ रेषांनीं बांधलेला नसतो. ठिपके, लहान वळसे व तुटक कण यांनीं तो झिजल्यासारखा, पोखरल्यासारखा उभा राहतो. हें सेगर्सच्या हाताचें वळण होय.

४. आतां मुख्य कागदाकडे येऊं. रेम्ब्रांटनें १६३९ सालीं आमस्टरडामच्या ब्रेस्ट्राट या रस्त्यावर १३००० गिल्डरांस घर घेतलें व पुढें तो कर्जांत बुडाला. १६५६ च्या जुलैंत त्यानें दिवाळखोरी पतकरली, तेव्हां सरकारी कारकुनांनीं घरांत येऊन तारीख २५ व २६ जुलै या दोन दिवसांत खोलीवार सर्व मालाची याद केली. या यादींत ३६३ कलमें आहेत. कलेच्या इतिहासांत अशा यादीची किंमत फार मोठी, कारण ती कोणाच्या स्तुतीसाठीं किंवा निंदेसाठीं लिहिलेली नसते. ऋणकोचा माल धनकोंस वाटून देण्यासाठीं लिहिलेली असते. आपल्याकडील जप्तीच्या व वांटणीच्या यादींस जो विश्वास आपण देतों, तोच हिला दिला पाहिजे.

या यादींत सेगर्सचीं आठ चित्रें नोंदलेलीं आहेत. रेम्ब्रांटच्या संग्रहांत एका चित्रकाराचीं इतकीं चित्रें असणें हीच त्याच्या आवडीची साक्ष होय. आठांपैकीं एक 'मोठा देखावा' म्हणून नोंदला आहे व तोच आज उफिझींत असलेला असावा असें पुष्कळ अभ्यासक मानितात. याच यादींत विलक्षण बारीक चित्रांचा एक संग्रह आहे. तीं चित्रें मोंगल दरबारचीं असावींत असा तर्क आहे. रेम्ब्रांटनें मोंगल चित्रांवरून केलेल्या वीसहून अधिक रेखाकृति आजही उपलब्ध आहेत व त्यांत जहांगीर व शहाजहान यांच्या आकृति ओळखतां येतात. म्हणजे परक्याची कृति समोर ठेवून तिच्याशीं हातानें संवाद करणें हा या माणसाचा स्वभावच होता.

याहूनही आपल्या विषयास अधिक लागू अशी एक गोष्ट यादींत आहे. कांहीं चित्रांपुढें कारकुनानें 'रेम्ब्रांटनें हात फिरविलेलें' अशा अर्थाचा शेरा मारला आहे. यावरून दुसऱ्याच्या चित्रावर आपण काम करणें ही त्या चित्रशाळेंत लपविण्याची बाब नव्हती, तर किंमत ठरवितांना सांगण्यासारखी बाब होती, हें उघड होतें. आजच्या माणसास यांत खोटेपणाचा वास येतो. त्या काळच्या कारकुनास तो आला नाहीं.

५. रेम्ब्रांटचा हात कसा फिरे, याचा निर्विवाद पुरावा तांब्याच्या एका पत्र्यावर आहे. सेगर्सनें टोबायस व देवदूत यांच्या ख्रिस्ती पुराणकथेचा एक ठसा कोरला होता. तो पत्रा पुढें रेम्ब्रांटच्या हातीं आला. १६५३ च्या सुमारास त्यानें टोबायस व देवदूत यांच्या मोठ्या आकृति घांसून काढल्या आणि त्यांच्या जागीं मिसर देशाकडे पळून जाणारें येशूचें कुटुंब लहान आकारांत कोरलें. भोंवतालीं झाडी वाढविली. देखाव्याचा बराच भाग मात्र सेगर्सचाच ठेविला. घांसूनही देवदूताच्या पंखाची रेषा पूर्णपणें गेली नाहीं; ती नव्या झाडीच्या पानांत अद्याप दिसते. या पत्र्याचे आधींचे व नंतरचे दोन्ही छाप उपलब्ध असल्यामुळें कोणतें काम कोणाचें हें येथें बोट ठेवून दाखवितां येतें.

पोथ्या हाताळणाऱ्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासून वर नवीं अक्षरें लिहिलेलीं पानें आपण पाहतों, आणि हरताळ झिजला म्हणजे खालचें अक्षर पुन्हा डोकावतें. देवदूताचा पंख हें असेंच हरताळाखालचें अक्षर होय.

उफिझींतील तैलचित्रावर असाच दुसरा हात आहे. सेगर्सच्या ठशांतील जो कणाकणाचा डोंगर वर वर्णिला, तो या चित्रांतही आहे. परंतु अग्रभागाचा कांहीं अंश, तेथील लहान आकृति व आकाश यांत रंग अधिक जाड, कुंचला अधिक मोकळा व छायाप्रकाशाचा विरोध अधिक तीव्र आहे. हें काम रेम्ब्रांटचें असें अभ्यासकांचें मत आहे. या भेदाचा शोध घेण्यास आतां नवीं साधनेंही आहेत. क्ष-किरण शिसेयुक्त पांढऱ्या रंगांत अडतात, म्हणून त्यांच्या छायाचित्रांत वरच्या थराखालची जुनी रचना उमटते. अवरक्त किरणांनीं काजळी रंगाचें मूळ रेखाटन दिसूं शकतें. पण यंत्रानें दाखविलेला थर कोणाच्या हातचा हें यंत्र सांगत नाहीं. तें वळण ओळखूनच ठरवावें लागतें, जसें मोडी पत्रांत शाई एकच असली तरी कारकुनाचें अक्षर कोणतें व धन्याच्या हातचें कोणतें हें आपण ओळखतों.

सेगर्सच्या कृतींत केवळ रेम्ब्रांटनेंच फेरफार केला असेंही नाहीं. बर्लिन येथें असलेल्या ऱ्हेनेन गांवाच्या त्याच्या आडव्या देखाव्यास मागाहून कोणी वरच्या बाजूस आकाशाची पट्टी जोडली होती, कारण तितकें रुंद व ठेंगणें चित्र नंतरच्या अभिरुचीस अपुरें वाटलें. हा दुसरा हात व रेम्ब्रांटचा हात यांत फरक आहे. एक समजून घेऊन उत्तर देणारा, तर दुसरा केवळ मापांत बसविणारा. सर्व प्रक्षेप सारखे नसतात, हें प्रत्येक संपादकास ठाऊक आहे.

६. या मिश्रणाचा परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. रेम्ब्रांटची कीर्ति वाढत गेली, सेगर्सचें नांव मागें पडलें, आणि हें सबंध चित्र रेम्ब्रांटचें म्हणून ओळखलें जाऊं लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विल्हेल्म बोडे या जर्मन पंडितानें त्यांतील मूळ हात सेगर्सचा असल्याचें ओळखलें, आणि तेथून सेगर्सच्या चित्रकारपणाचा खरा शोध सुरू झाला. पुढें विसाव्या शतकांत त्याचीं म्हणून मान्य झालेलीं तैलचित्रें दहाबारांच्या घरांत होतीं. २०१६-१७ सालीं आमस्टरडाम व न्यूयॉर्क येथें झालेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्तानें या संख्येंत आणखी भर पडली. म्हणजे एका चित्रावरचें नांव बदलल्यानें एक चित्रकार हळूहळू परत उभा राहिला.

या ठिकाणीं उलट बाजूस घसरण्याचाही धोका होता. मूळ चित्र सेगर्सचें, तर रेम्ब्रांटचा थर काढून टाकून तें शुद्ध करावें, असें एखादा म्हणूं शकला असता. तसें न झालें हें सुदैव. तो थर काढला असता तर खालीं अखंड सेगर्स सांपडलाच असता याची शाश्वति नाहीं. आणि एका थोर चित्रकारानें दुसऱ्या थोर चित्रकाराची कृति कशी वाचली, याचा जगांतला अत्यंत दुर्मिळ पुरावा मात्र कायमचा गेला असता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध करून १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत प्रक्षिप्त ठरलेले श्लोक फेंकून दिले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेविले. मूळ पाठ वेगळा दाखविणें आणि भर नष्ट करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

७. आमच्या संग्रहांकडे या दृष्टीनें पाहिलें तर काय दिसतें ? रुमालांतील कित्येक पोथ्यांच्या समासांत पुढच्या मालकांनीं लिहिलेल्या टिपा असतात. 'घाण' म्हणून त्या खरवडणारे, समास कापून पोथी नव्या बांधणींत बसविणारे, फाटक्या लघुचित्रावर नवा रंग चढवून तें विकणारे आपण पाहतों. उलट, एखाद्या पोथीच्या शेवटीं प्रसिद्ध पुरुषाचें नांव दिसलें कीं सगळी पोथी त्याच्या हातची म्हणून मिरविणारेही कमी नाहींत; मग ते नांव लेखकाचें आहे, नकलकाराचें आहे कीं केवळ मालकाचें, याची चौकशी कोणी करीत नाहीं. पहिल्या चुकीनें दुसरा हात मरतो, दुसऱ्या चुकीनें पहिला. दोन्ही चुकांचें मूळ एकच. एका वस्तूस एकच कर्ता असला पाहिजे हा समज.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति इतकीच आहे. आपल्याकडील वस्तूची नोंद करितांना कर्त्याच्या रकान्यांत एक नांव घालून थांबूं नये. मूळ हात कोणाचा, भर कोणाची, ती कोठें व अंदाजें केव्हां, आणि वस्तु कोणाकोणाच्या घरून आली, हें निरनिराळें लिहावें. ज्याचें नांव कळत नाहीं, त्याचेंही वळण वर्णन करून ठेवावें. उद्यां त्याच वळणाचें दुसरें पान निघालें म्हणजे नांव सांपडेल. मालाच्या यादी, लिलांवाचे कागद, वांटणीपत्रें हीं रद्दी समजूं नयेत. पोथीची वंशावळ पुष्कळदां पोथींत नसते, तीं या कागदांत असते. आणि कोणताही थर, मग तो हरताळाचा असो कीं रंगाचा, तज्ज्ञास दाखविल्याखेरीज व छायाचित्र घेतल्याखेरीज काढूं नये.

१६५६ सालच्या जुलैंत त्या कारकुनाच्या मनांत कलेचा इतिहास लिहावयाचा नव्हता. समोर काय आहे, कोणाचें आहे व त्यावर आणखी कोणाचा हात फिरला आहे, एवढेंच तो लिहीत गेला. तेवढ्यानेंच सेगर्स या नांवास आधार मिळाला. आमच्या प्रत्येक संग्रहाची निदान इतकी याद तयार होईल, तर पुढील संशोधकांवर मोठाच उपकार होईल.